‘फक्त ४९ रुपये’वाली बाटली : वजन कमी करण्याच्या मोफत ट्रायलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझं छोटं ई-सेवा केंद्र आहे. पॅन, उत्पन्नाचे दाखले, विडी कामगारांच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, असली कामं. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात एक काम न मागता वाढलंय. दुकानात गर्दी असली की माणूस बाहेरच घुटमळतो, सगळे गेले की आत येतो, मोबाईल काउंटरवर ठेवतो आणि हळूच म्हणतो, “ताई, हे पैसे कशाचे कापलेत बघा की.” निघतात ते वजन उतरवायच्या गोळ्यांच्या ‘मोफत ट्रायल’चे. दर वेळी तेच प्रश्न, म्हणून एकदाच लिहून काढले. भाषा काउंटरवरचीच ठेवली आहे.

ट्रायल मोफत आहे, मग ४९ रुपये कशाला?

हा प्रश्न पैसे भरायच्या आधी पडला असता तर पुढचे निम्मे प्रश्न उरलेच नसते. विकणारे सांगतात, ४९ रुपये कुरिअरचे. पण त्यांना तुमचे ४९ रुपये नकोच आहेत. त्यांना तुमचा कार्ड नंबर हवाय, नाहीतर यूपीआयवर तुमच्या बोटानं दाबलेला पिन. खरोखर फुकट वाटलं असतं तर तुमच्या खात्यापर्यंत पोचायला त्यांच्याकडं काही कारणच उरलं नसतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेत, शेंगा चटणी चवीला देतात, तेव्हा कोणी तुमच्या पिशवीची चेन उघडून हात आत ठेवत नाही. इथं चवीच्या बदल्यात हात आत ठेवू दिलेला असतो.

युक्ती आपल्याकडची नाही. अमेरिकेत २०११ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं आसाई बेरीच्या गोळ्या विकणाऱ्या दहा टोळ्यांवर कारवाई केली. बातमीसारखी दिसणारी बनावट पानं करून ते वजन कमी करण्याच्या गोळ्या खपवत होते. आपल्याकडं फळ बदललं आणि पैसे भरायची पद्धत बदलली, बाकी खेळ तोच.

पिन तर मी एकदाच टाकला. दुसऱ्या महिन्यात १,९९९ कसे गेले?

तो पिन ४९ रुपयांचा नव्हता, ऑटोपेचा होता. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे. विजेचं बिल, मोबाईल रिचार्ज, विम्याचा हप्ता यांसाठी चांगली सोय आहे, मी स्वतः वापरते. त्यात तुम्ही एकदा पिन टाकून परवानगी देता, ‘या दुकानदारानं दर महिन्याला इतक्या रुपयांपर्यंत घ्यावे.’ नंतर प्रत्येक वेळी पिन लागत नाही. बहुतेक व्यवहारांसाठी ही बिनपिनची मर्यादा १५,००० रुपये आहे.

परवानगीच्या पानावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात : कोणाला, जास्तीत जास्त किती, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत. वर मोठ्या अक्षरात ४९ दिसतं, खाली बारीक अक्षरात १,९९९. माझ्याकडं आलेल्या बहुतेकांनी वरचाच आकडा वाचला होता. ‘कधीपर्यंत’ तर कोणीच वाचलेलं नसतं. एका अण्णांच्या मँडेटची, म्हणजे या परवानगीची, शेवटची तारीख त्यांच्या नातवाच्या लग्नानंतरची निघाली, आणि नातू अजून बालवाडीत आहे.

पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. दुकानदाराचं नाव, रक्कम, तारीख आणि नको असल्यास थांबवायची सोय, एवढं त्यात असतं. बहुतेक वेळा ती आलेलीही असते. लोनच्या आणि सेलच्या ढिगात ती दबते, आणि दुकानदाराचं नाव बाटलीवरच्या नावाशी जुळत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. बाटलीवर ‘स्लिम’ असं काहीतरी असतं आणि मेसेजमध्ये कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव. आत्ता उठून मागच्या महिन्याचे मेसेज चाळा. हे पान कुठं पळून जात नाही.

माझ्या कार्डावरून तर ओटीपी न येताच गेले!

वेबसाइट परदेशातली असणार. भारतात कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी किंवा तसली दुसरी खात्री लागते. परदेशातल्या दुकानदाराला कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. ते ‘दर महिन्याचा हप्ता’ असं नोंदवतच नाहीत, प्रत्येक वेळी नवी खरेदी दाखवतात, म्हणून २४ तास आधीची सूचनाही येत नाही.

उपाय मात्र सोपा आहे आणि फुकट आहे (या पानावर एवढंच खरोखर फुकट). बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ नावाचं बटण असतं. ते बंद करा. मार्च २०२० पासून नवीन कार्डं ही सोय बंद ठेवूनच मिळतात, पण कधीतरी कुठंतरी पैसे भरताना आपण ती चालू केलेली असते आणि विसरलेलो असतो.

ट्रायल १४ दिवसांची होती. मी पार्सल आल्यापासून दहाव्या दिवशी रद्द करायला फोन केला, तर म्हणाले मुदत संपली.

त्यांची घड्याळं ऑर्डर दिली त्या क्षणी सुरू होतात. पार्सल सोलापूरला पोचायला सहा-सात दिवस गेले, तुम्ही दहा दिवस गोळ्या खाल्ल्या, म्हणजे सोळा-सतरा झाले. अटींच्या पानावर हे लिहिलेलं असतं, फक्त ते पान कोणी उघडू नये अशा जागी असतं. ‘पैसे परत’ची हमीसुद्धा बऱ्याचदा सील न फोडलेल्या बाटलीलाच असते. सील न फोडता चव कशी बघायची, ते त्यांनाच विचारा.

तुम्ही स्वतः कधी फसलात का?

हो. हा प्रश्न लोक जरा आनंदानं विचारतात, म्हणून पूर्ण सांगते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन वाढलं ते उतरलं नाही. दिवसभर खुर्चीत बसून काम, बाजूला चहा. एका लग्नात सासरच्या एका बाईनं सगळ्यांसमोर हात धरून म्हटलं, “काय गं, खातीस तरी काय?” त्या रात्री मोबाईलवर ती जाहिरात दिसली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, २३ दिवस, ४९ रुपये. लोकांचे अर्ज भरताना मी प्रत्येक ओळ वाचते. त्या रात्री एक ओळ वाचली नाही.

बाटली आली. आठ दिवसांत पोट बिघडलं म्हणून गोळ्या सोडल्या. पुढं १,९९९ गेले, महिन्यानं परत १,९९९ गेले. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्याला विचारायची हिंमत झाली नाही. ‘कशाचे पैसे’ म्हटल्यावर गोळ्यांचं सांगावं लागलं असतं, गोळ्यांचं सांगितलं की वजनाचं. पाच आठवडे मी गप्प बसले. त्याच पाच आठवड्यांत मी काउंटरवर दुसऱ्यांच्या फसवणुकीच्या तीन तक्रारी भरून दिल्या.

तेव्हा कळलं की हा धंदा गोळ्यांवर चालत नाही, आपल्या गप्प बसण्यावर चालतो. रक्कमही नेमकी तेवढीच ठेवलेली असते, ज्यासाठी माणूस घरी भांडण ओढवून घेणार नाही.

जाहिरातीत नावाजलेले डॉक्टर स्वतः बोलत होते की!

ते डॉक्टर नसतात, त्यांचा चेहरा आणि आवाज वापरून केलेला बनावट व्हिडिओ असतो. २०२४ मध्ये मेदांता हॉस्पिटलचे डॉ. नरेश त्रेहान यांचा असा व्हिडिओ फिरला होता आणि प्रकरण पोलिसांत गेलं होतं. ओठ आणि शब्द जुळतात का हे बघत बसू नका, आता ते बऱ्यापैकी जुळतात. एवढंच बघा : रोज शस्त्रक्रिया करणारा माणूस ४९ रुपयांची बाटली विकायला तुमच्या मोबाईलवर का येईल?

बाटलीवर एफएसएसएआयचा नंबर आहे. मग खरीच असेल ना?

एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण. त्याचा नंबर १४ आकडी असतो, आधी मोजा. मग एफएसएसएआयच्या ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर तो टाकून बघा. तिथं कंपनीचं नाव आणि पत्ता येतो. कधी नंबर लोणच्याच्या कारखान्याचा निघतो, कधी कोणाचाच नाही.

समजा खरा निघाला, तरी त्याचा अर्थ ‘अन्नपदार्थ बनवायची किंवा विकायची परवानगी आहे’ इतकाच. वजन उतरतं याची ती पावती नव्हे. उलट अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. तुमच्या बाटलीवर इंग्रजीत असेल, शोधा. एका बाजूला ते वाक्य आणि जाहिरातीत ‘थायरॉइड, शुगर, लठ्ठपणा मुळासकट बरा’, तर दोन्हीतलं एक खोटं आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे. कायद्यानं सत्तरी ओलांडली, जाहिराती अजून तरुण आहेत.

पण आयुर्वेदिक आहे म्हणतात. साइड इफेक्ट कसे असतील?

धोतराही वनस्पतीच आहे.

‘स्लिमिंग टी’ नावाच्या चहात बऱ्याचदा सोनामुखी असते. आपल्या आज्ज्या पोट साफ व्हायला द्यायच्या तीच. रोज घेतली की जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, काटा दीड-दोन किलोनं खाली येतो. ती चरबी नव्हे, पाणी. दोन तांबे पाणी पिऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या की परत येतं. सोबत शरीरातलं पोटॅशियमही जातं, आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी ते गमतीचं नाही. ‘गार्सिनिया’ म्हणून विकतात ते आपल्या कोकमाच्या भावकीतलं फळ. सोलकढी पिऊन कोणाचं यकृत बिघडत नाही, पण त्याच्या अर्काच्या दाट गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचंही तेच.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे वेष्टनावर न छापलेली औषधं. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून २०१० मध्ये अमेरिकेत बाजारातून गेलं, पाठोपाठ भारतातही बंद झालं. तरी ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते पुन:पुन्हा सापडलंय. म्हणून गोळीचा गुण लगेच आला, भूकच मेली, झोप उडाली, छाती धडधडते आहे, तर खूश होऊ नका. गोळ्या थांबवा आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडं जा. सिव्हिलला गेलात तरी बाटली सोबत न्या. नुसतं ‘हर्बल घेतलं’ म्हटल्यावर डॉक्टर काय ओळखणार?

ऑटोपे बंद कसा करायचा?

ज्या अ‍ॅपवरून परवानगी दिली तेच उघडा. तुमच्या फोटोवर किंवा प्रोफाइलवर दाबा, ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असं दिसेल. चालू असलेल्यांची यादी येईल. अनोळखी नाव दिसलं की त्यावर दाबून ‘रद्द’ करा, पिन टाकावा लागेल. ‘पॉज’ करू नका, तो परत चालू होतो. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट घ्या. कार्डावरचं मँडेट असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’खाली बघा, नाही सापडलं तर शाखेत जा. बँकेनं ‘दुकानदाराला विचारा’ म्हटलं तर ऐकू नका. परवानगी मागं घ्यायचा हक्क तुमचा आहे, दुकानदाराची हरकत असो वा नसो.

नुसतं अ‍ॅप काढून टाकून काही होत नाही. मँडेट खात्याला चिकटलेलं असतं, मोबाईलला नव्हे. एका काकूंनी मोबाईलच बदलला होता.

पैसे परत मिळतील का?

खरं सांगू? कधी मिळतात, कधी नाही. उशीर झाला की नाही मिळत.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. समोरच्या खात्यातून पैसे पुढं जायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथंच गोठवता येतात, म्हणून इथं तासाला किंमत आहे. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये नियम केला की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पण ऑटोपेचा पिन तुम्हीच टाकलेला असतो, आणि बँक नेमकं तेच बोट दाखवते. तेव्हा तक्रारीत ‘माझ्या खात्यातून चोरी झाली’ असं लिहू नका. ‘४९ रुपयांच्या खरेदीच्या नावाखाली दिशाभूल करून मासिक परवानगी घेतली’ असं लिहा, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. खरंही तेच आहे. कार्ड असेल तर ‘चार्जबॅक’ मागा, म्हणजे बँकेनं व्यवहार उलटवून पैसे परत आणणं. हा शब्द तसाच वापरा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्यासाठी १४४४८ वर माहिती मिळते.

माझे एकदाचे १,९९९ परत आले. आधीचे नाही आले.

कंपनीवाल्यांचा फोन आला, रिफंड देतो म्हणाले. क्यूआर पाठवलाय.

स्कॅन करू नका! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दुसऱ्यांदा लुटायचा हा ठरलेला डाव आहे. गूगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबरही बऱ्याचदा त्यांचाच असतो. मोबाईलचा पडदा त्यांना दिसेल असं कुठलंही अ‍ॅप घ्यायला लावलं तर फोन ठेवा, ‘बरं साहेब’सुद्धा म्हणू नका.

न मागता दुसरं पार्सल दारात आलंय, आणि फोनवर ‘डायटिशियन मॅडम’ धमकावतात. कोर्स अर्धवट सोडला तर केस करू, सिबिल खराब करू म्हणतात.

पार्सल दारातच नाकारा. घरच्यांना, विशेषतः दुपारी एकट्या असणाऱ्या आजींना, सांगून ठेवा की कॅश ऑन डिलिव्हरीचं काही आलं तर विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीची, धमकी पोकळ आहे. तिथं बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था माहिती पाठवतात, गोळ्या विकणारे नाहीत. एकच अपवाद : ‘हप्त्यानं घ्या, बिनव्याजी’ म्हणून त्यांनी तुमच्या नावावर छोटं कर्ज काढलेलं असेल तर. तसा ओटीपी दिल्याचं आठवत असेल तर आधी ते बघा.

तपासणीसाठी म्हणून मी माझे फोटो आणि आधार पाठवलंय.

यापुढं काही पाठवू नका. आधारच्या अ‍ॅपवरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. फोटोवरून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही न देता १९३०.

सोलापुरात तक्रार कुठं करायची?

पैसे गेले असतील तर १९३० आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. प्रत्यक्ष जायचं असेल तर शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडं, आणि बार्शी, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा इकडच्यांनी ग्रामीण पोलिसांकडं. आयुक्तालय वेगळं, ग्रामीण वेगळं, यात लोकांची एक चक्कर हमखास जाते.

वेबसाइट उत्तर देत नसेल, रद्द करू देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे, म्हणजे सहज सुरू होणारी पण रद्द करता न येणारी वर्गणी. तक्रारीत हा शब्द टाका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे तुमची संमती नव्हे. शिवाय विक्रेत्याला तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्यात निकाल द्यावा लागतो. वेबसाइटवर असं नाव नसेल तर तीही तक्रारच.

रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच दावा करता येतो, कंपनी दिल्लीची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. गोळ्यांतच भेसळ वाटत असेल तर अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००२२२३६५.

म्हणजे काही घेऊच नको म्हणता का?

मी डॉक्टर नाही. माझं मत विचाराल तर ४९ रुपयांत दोन दिवसांची ज्वारी येते. तरी घ्यायचंच असेल तर पूर्ण किंमत एकदाच मोजा, ओळखीच्या मेडिकलमधून पावती घेऊन. ‘ट्रायल’ हा शब्द दिसला की पान बंद. वजनाची खरी औषधंही आता आहेत. २०२५ मध्ये भारतात आलेली मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. त्याच नावाचे ‘थेंब’ किंवा ‘पट्ट्या’ बिनचिठ्ठीच्या दिसल्या तर समजून जा.

घरी कळेल का?

१९३० वर वजन विचारत नाहीत. नाव, बँक, रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक. बस.

उरलेल्या बाटल्यांचं काय करू?

टाकू नका आणि शेजारणीलाही देऊ नका. बाटली, खोका, कुरिअरचं लेबल, आतला कागद, सगळं एका पिशवीत तारीख टाकून ठेवा. लेबलवर पाठवणाऱ्याचा जो पत्ता असतो तो वेबसाइटवरच्या पत्त्याहून वेगळा निघतो, आणि पोलिसांना तोच हवा असतो. तक्रार निकाली निघेपर्यंत पिशवी हलवायची नाही. माझी बाटली काउंटरवर प्रिंटरशेजारी आहे, अजून अर्धी भरलेली. लोक विचारतात, “ताई, गुण आला का?” मी झाकणावरचं १,९९९ दाखवते, मार्करनं लिहिलेलं.